पंधरा मिनिटं

गराजच्या मागे, उत्तरेच्या अंगाला,
जिथे मे उजाडला तरी बर्फाची मळकी चकती रेंगाळते
आणि आजवर शेवाळाशिवाय काही रुजलं नाही,
तिथे ऑनेझिमने बटाट्याचं पोतं उपडं केलं.
पाच गड्डे. काळे, केसाळ, भिजल्या उंदरांसारखे.
"बेटावरचे," म्हणाला. "यंदा नदीने काठच खाल्ला."
नऊ वर्षांनी भाऊ दारात आला
आणि एवढंच बोलला.

नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे वीस पानं होती.
माँक्टनच्या हॉटेलात शिकलेल्या भाच्याचं मी ऐकलं:
उकडायचं कशाला, मावशी?
लोण्यात दोन मिनिटं परत, रंग बघ कसा राहतो.
रंग राहिला.
पाचूसारखी वेटोळी, कुरकुरीत. सगळे वाहवा म्हणाले.
मध्यरात्री बारा जण आळीपाळीने न्हाणीघरात,
आणि वहिनी, ब्लांदिन, हाताला सलाईन लावून
एडमंडस्टनच्या दवाखान्यात.
ऑनेझिम व्हरांड्यात म्हणाला, "आईने शिकवलं ते कुठे गेलं?"
मी म्हणाले, "जीव तर गेला नाही ना कुणाचा."
हे वाक्य मी रोज धुते. डाग जात नाही.

गड्डे लावले.
खड्डा उथळ, डोकं मातीच्या जरा वर,
भोवती मेपलचा कुजका पाला, ओंजळ ओंजळ.
सावली होतीच. पाणी मी घातलं,
उन्हाळाभर, स्कूलबस लावून आल्यावर, युनिफॉर्ममध्येच.
पहिल्या वर्षी काही तोडायचं नाही.
दुसऱ्याही नाही.
कमरेएवढी पिसं झुलली, ऑगस्टात तपकिरी पडली,
तिसऱ्या वर्षी मुळं कुंपणाखालून सरकून
शेजारच्या आशे म्हाताऱ्याच्या अंगणात उगवली.
तो म्हणाला, "हे तुझं की माझं?"
म्हटलं, "सावली ज्याची, त्याचं."

चौथ्या मेमध्ये माती फोडून मुठी वर आल्या.
गुडघे टेकून एकेक बघितली.
देठ गुळगुळीत हवा, आतल्या बाजूला पन्हळ,
पावसाचं पाणी वाहून न्यावं अशी खोल,
अंगावर कांद्याच्या सालीसारखा तपकिरी पापुद्रा.
लव दिसली की हात मागे.
रानात याच्यासारखे दिसणारे पुष्कळ,
भाऊ शोभतील असे,
आणि पोटात शिरले की वैरी.
एका गड्ड्याचे तीनच घेतले. उरलेले उलगडू दिले,
नाहीतर पुढच्या वर्षी गड्डा रुसतो, कायमचा.

मग ऑनेझिमला फोन केला.
आला. स्वयंपाकघरात टोपी न काढता बसला.
पापुद्रे चोळून काढले, तीन पाण्यांनी धुतले,
खळखळत्या पाण्यात सोडले,
कोंबडीच्या आकाराचा टायमर पंधरावर पिळला.
तो टायमरकडे बघत होता, मी त्याच्या कानांकडे.
कान आईचे आहेत. आधी कधी दिसलं नव्हतं.
सातव्या मिनिटाला वाटलं, पुरे, रंग चालला.
हात चुलीकडे गेलाही.
तो म्हणाला, "आझेली."
नऊ वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलं.
हात मागे घेतला.

कोंबडी ओरडली.
पाणी चहासारखं झालं होतं. त्याचं सूप नाही करायचं,
चव घेऊन बघायची नाही, सरळ मोरीत.
मग लोणी, मीठ, व्हिनेगरचा थेंब.
वेटोळी मळकट हिरवी, जुन्या कोटासारखी,
चव मात्र नदीकाठची, अर्धी शतावरी, अर्धी माती.
ऑनेझिमने दोनदा वाढून घेतलं.
बोलला नाही. टोपी मात्र काढली.

निघताना ब्लांदिनसाठी डबा भरला.
सोळा वेटोळी, मोजून.
झाकणावर पट्टी चिकटवून लिहिलं:
पंधरा मिनिटं उकळलेत. पाणी टाकलंय.
खाली नाव लिहावं की नाही, उगाच थांबले,
पेन कोरडं पडायला लागलं,
तेवढ्यात ऑनेझिमने गाडी सुरू केली
आणि मी धावत जाऊन, बॉनेटवर डबा टेकवून,
नाव लिहिलं.